आंटी फोसुआंच्या गाडीचा सेल्फ

आंटी फोसुआंची गाडी माझ्या शेडमध्ये आली ती धक्क्यावर. गाडीत आंटी एकट्याच, स्टिअरिंग घट्ट धरून ताठ बसलेल्या. मागून ढकलणारे चौघे: बाजारात यामचे कंद उतरवणारे दोन हमाल, चर्चचा झाडूवाला आणि शेजारच्या शेडमधला अल्हसन. अल्हसन नुसता ओरडत होता, ढकलत कोणी दुसरेच होते. शेडच्या तोंडाशी गिऱ्हाइकांना बसायला माझं एक लाकडी बाक असतं. गाडी आत वळली, उजव्या अंगाने बाकाला घासली आणि बाकाचा एक पाय मोडूनच थांबली.

"हे बाक इथे कुणी ठेवलं?" आंटी खाली उतरत म्हणाल्या.

"अकरा वर्षं झाली ठेवून, आंटी."

"मग आता हलव."

टेचिमान शहराच्या फिटर वस्तीत मला सगळे 'मास्टर' म्हणतात. इंजिन खोलणारे इथे पन्नास असतील, पण गाडीच्या वायरिंगचं काम करणारे आम्ही तिघंच, आणि त्यांत जुना मी. आंटी फोसुआ मात्र मला नावानेच हाक मारतात, यॉ म्हणतात. त्यांचा तो हक्क आहे. माझी दोन्ही मुलं त्यांच्या हातांवर जन्मली. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात सुईणीचं काम केलं. निवृत्त झाल्या तरी तानो नदीपलीकडच्या गावांतली बाळंतपणं, आठव्या दिवसाची बारशी, आमच्याकडे शनिवारीच ठेवतात ती मयतं, सगळीकडे त्या स्वतः गाडी चालवत जायच्या. नवरा वारलेला. एकुलता मुलगा न्टिम कॅनडात. गाडी नवऱ्याने घेतली तेव्हाच ती दुसऱ्या कुणाची वापरून झाली होती. तिचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या वस्तीत अजून एकमत नाही.

"काय होतंय नक्की?" मी बॉनेट उघडत विचारलं.

"तुझ्या बायकोला कळा लागल्या तेव्हा तू येऊन मला काय सांगितलं होतंस? 'दुखतंय' म्हणालास. त्यावर मी किती प्रश्न विचारले?"

"वीस तरी."

"तसे विचार."

मी विचारले. रोज होतं की अधूनमधून? अधूनमधून. सकाळी की दुपारी? दोन्ही वेळा, पण दोन्हीची तऱ्हा वेगळी. सकाळी बॅटरी पार उतरलेली असते, डॅशबोर्डचा दिवासुद्धा लागत नाही. ढकलली की गाडी चालू होते. दुपारी, बाजारात गाडी गरम असताना बंद केली, की दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, पण चावी फिरवली की नुसतं 'टक्'. सेल्फ उचलतच नाही. पाच मिनिटं थांबलं तर कधी उचलतो, कधी नाही.

"काही वास येतो?"

"रबर जळल्यासारखा. खड्ड्यातून गेले की."

"याआधी कुणी बघितली?"

"दोघांनी. पहिल्याने नवी बॅटरी घातली. दुसऱ्यानेही नवी बॅटरी घातली."

अल्हसन हसायला लागला. आंटींनी त्याच्याकडे एकदा बघितलं, तसा तो आपल्या शेडमध्ये निघून गेला.

"वर्षात दोन बॅटऱ्या उतरतात म्हणजे दोष बॅटरीचा नाही," मी म्हणालो. "कुठेतरी करंट गळतोय. आणि सेल्फचं दुखणं वेगळं आहे. दोन रोग आहेत, आंटी. दोघांनी ते एकच समजून औषध दिलं."

"शनिवारी मला क्रोबो गावी मयताला जायचंय. आज बुधवार. जमेल?"

"बघतो," मी म्हणालो. त्यांनी टॅक्सी थांबवली आणि गेल्या.

गळती शोधायला माझ्याकडे फार मोठी हत्यारं नाहीत. एक मीटर आहे, पण माझा भरवसा टेस्ट लॅम्पवर. छोटा बल्ब, दोन वायरी. बॅटरीची निगेटिव्हची जाड वायर सोडवली आणि मधे तो बल्ब जोडला. गाडीतलं सगळं बंद, दारं बंद, चावी माझ्या खिशात. अशा वेळी बल्ब लागायला नको. तो लागला. फार नाही, तांबूस, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. म्हणजे गाडी झोपलेली असतानाही कुणीतरी बॅटरीतून पीत होतं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. पहिला काढला, बल्ब तसाच. दुसरा, तिसरा, तसाच. पाचव्याला हात घातला आणि थांबलो. तिथे फ्यूजच नव्हता. कुणीतरी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून त्या जागी खुपसले होते. फ्यूज परत परत जळतो, तर त्याला जळूच द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात हरामखोर इलाज. फ्यूज जळतो तो गाडी वाचवायला. तारेचं वेटोळं जळत नाही, मग त्याच्याऐवजी वायर जळते, आणि वायरीनंतर गाडी.

ती तार उपसून काढली. बल्ब विझला.

त्या फ्यूजवरून हॉर्न आणि आतला दिवा चालतो. वायर कुठून कुठे जाते ते बोटाने चाचपत गेलो. स्टिअरिंगच्या खाली, पेडलच्या मागे पत्र्याला एक भोक असतं, त्यातून वायरींचा जुडगा इंजिनाकडे जातो. भोकाच्या कडेला रबरी कडी असते, वायर पत्र्यावर घासू नये म्हणून. ती कडी वयाने कुरकुरीत होऊन कधीच झडून गेली होती. तार परत जागेवर ठेवून मी जुडगा जरासा हलवला, आणि माझा तांबूस बल्ब एकदम पांढरा झाला. सोडला, पुन्हा तांबूस. हलवला, पांढरा. नाकाला तोच वास आला, रबर जळल्याचा. पत्र्याच्या धारेने वायरीचं कातडं कापलं होतं, उघडं तांबं काजळी आणि गंजातून थोडा थोडा करंट गाडीच्या अंगाला देत होतं. खड्डा आला की नीटच टेकायचं, ठिणगी उडायची. आणखी महिनाभर हे चाललं असतं तर आंटींच्या पायापाशी आग लागली असती.

हे सापडल्यावर माणसाला बरं वाटतं, ते सांगून कळायचं नाही. मी कापलेल्या वायरीला नवा सांधा दिला, नवी रबरी कडी बसवली, पाचव्या जागी खरा फ्यूज घातला. संध्याकाळ झाली होती. गाडीभोवती एक चक्कर मारली, दारं लावायला. तेव्हा उजवी बाजू पहिल्यांदा नीट बघितली. पुढचा मडगार्ड चेपलेला. दाराला ओरखडे, जुन्यांवर नवे. मागच्या बंपरचं उजवं शिंग वाकलेलं, आणि उजवा आरसा टेपने गुंडाळून बसवलेला. डावीकडे आलो तर डावी बाजू नवऱ्या मुलीसारखी स्वच्छ. एक ओरखडा नाही. मी वायरवाला, पत्र्याचं काम माझं नाही. पण ते डोक्यात राहिलं.

गुरुवारी सकाळी सेल्फची पाळी. गाडी चालू करायला गेलो तर 'टक्'. अल्हसनला म्हटलं, "तू चावी फिरव." मी खाली झोपून पान्याच्या मुठीने सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकलं. ठोकल्याबरोबर इंजिन सुरू झालं. म्हणजे आतल्या मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजलेले. सेल्फ उतरवून टेबलावर ठेवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. परदेशचा नंबर.

"मास्टर, मी न्टिम. फोसुआंचा मुलगा. गाडी तुमच्याकडे आहे ना?"

मी हो म्हणालो. त्याने माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली.

"मास्टर, एक विनंती आहे. तिला सांगा, गाडी संपली."

"म्हणजे?"

"म्हणजे दुरुस्त होत नाही म्हणा. ऑगस्टमध्ये ती गाडी घेऊन गटारात गेली. मला तिने नाही सांगितलं, शेजारणीने सांगितलं. सप्टेंबरमध्ये एका बाईच्या टोमॅटोच्या टोपल्यांवर गेली. बाईच्या अंगावर नाही गेली हे नशीब. मी तिला म्हटलं तर म्हणते, तिकडे बर्फात बसून तुला काय कळतंय? तुमचं ती ऐकेल. आणि गाडीच्या बाबतीत तुम्ही जे सांगाल ते खोटं ठरवणार कोण?"

ते शेवटचं वाक्य मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

"बघतो," मी म्हणालो. आमच्याकडे 'बघतो' म्हटलं की ऐकणारा ते 'हो' समजतो, आणि म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं.

अल्हसन कोलाची कडू बी चघळत सगळं ऐकत होता. "पोराचं ऐक," तो म्हणाला. "आमच्याकडे तामालेला आजीच्या हातून सायकल काढून घेतली होती घरच्यांनी. लपवून ठेवली, चोरीला गेली म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग काय, तिला कळलं. वर्षभर कुणाशी बोलली नाही."

"आणि तू मला हे कर म्हणून सांगतोस?"

"बोलत नव्हती. पण जिवंत होती ना?"

सेल्फ खोलला. काळ्या भुकटीने भरलेला. चारातले दोन कार्बन नखाएवढे उरलेले, एक तर स्प्रिंगच्या कृपेने टेकून होता. सेल्फ तापला की त्याचा टेक सुटायचा, म्हणून दुपारचं ते 'टक्'. सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या खटक्याच्या, आतली तांब्याची टिकली खड्डे पडून काळी झालेली. इंजिनापासून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थिंगची पट्टीही गंजून अर्धी तुटली होती. सगळं दुरुस्त होण्यासारखं. कुमासी शहरातल्या दुकानात फोन करून कार्बन आणि टिकल्या सांगितल्या. शुक्रवारी सकाळच्या बसने पुडी आली. मी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

आणि मग हात चालेना. पुडी खिशात, सेल्फ टेबलावर उघडा. मी दुसऱ्या दोन गाड्या केल्या. टोमॅटोवाल्या बाईचा विचार मनातून जाईना. समजा मी गाडी ठणठणीत करून दिली आणि पुढच्या आठवड्यात टोपल्यांच्या जागी कुणी माणूस असला तर? दुपारी मी आंटींना फोन केला.

"आंटी, वायरीचं काम झालं. पण सेल्फ गेलाय. त्याचे पार्ट आता मिळणं कठीण. मला वाटतं, या गाडीत आता जीव अडकवू नका."

"असं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या दुपारी बायकोने पाठवलेला याम आणि अळूच्या पानांची भाजी डब्यात तशीच राहिली.

शनिवारी सकाळी आठलाच आंटी आल्या. चालत. अंगावर मयताचं काळं कापड, डोक्याला लाल पट्टी. बाकाच्या मोडक्या पायाखाली मी वीट लावली होती, त्यावर त्या बसल्या.

"दाखव."

"काय दाखवू, आंटी?"

"जे मेलं म्हणालास ते. दुसऱ्याने सांगितलं म्हणून मी जन्मात कुणाला मेलं ठरवलं नाही. हात लावून बघितल्याशिवाय नाही."

मी सेल्फ त्यांच्यापुढे ठेवला. त्या प्रश्न विचारत गेल्या. हे काय करतं? हे कशाने फिरतं? हे एवढंसं काळं काय? मी कार्बन त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला, डोळ्यांपासून थोडा डावीकडे धरून बघितला.

"एवढंच झिजलंय?"

"हो."

"बाकीचं ठीक?"

"एक टिकली बदलायची. एक पट्टी."

"आणि हे मिळत नाही. कुमासीतसुद्धा नाही."

खिशातली पुडी मला अंगाला टोचत होती असं नाही, ती कागदाची पुडी होती, पण मी हात नेऊन ती काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"मिळालं. काल सकाळीच आलं."

आंटींनी पुडी उघडली नाही. "न्टिमचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"हो."

"तो माझा मुलगा आहे. लांब आहे. त्याला भीती वाटते, तो खोटं बोलेल. पण तू? तुझी थोरली उलटी होती पोटात. तेव्हा मी बाहेर येऊन तुला काय सांगितलं होतं?"

"की आई आणि पोर, दोघींपैकी एकीचाच जीव वाचेल कदाचित."

"तेव्हा मला 'सगळं ठीक आहे' म्हणता आलं नसतं?"

शेजारच्या शेडमधला हातोडा थांबला होता. अल्हसन ऐकत होता. मला लाज वाटली, आणि लाजेच्या पोटात थोडा रागही आला. कारण न्टिमचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं, आणि तेवढं खरं बोलायचं धाडस मीसुद्धा केलं नव्हतं. सेल्फच्या आडून काम भागवायला निघालो होतो.

"आंटी, जरा उठता का? गाडीची एक बाजू मी तुम्हाला दाखवली नाही."

मी त्यांना उजवीकडे नेलं. मडगार्ड, दार, बंपर, आरसा. मग हात धरून डावीकडे आणलं.

"आपण रस्त्याच्या उजवीकडून चालवतो, गटारं उजवीकडेच असतात," त्या म्हणाल्या. "रस्त्यांना रुंदी कुठे आहे?"

"ती सगळ्यांच्याच उजवीकडे असतात, आंटी. या वस्तीत रोज चाळीस गाड्या येतात. अशी एकाच बाजूने सोललेली मी बघितली नाही. बुधवारी बाक तुम्हाला दिसलं नव्हतं."

त्या बराच वेळ त्या ओरखड्यांवर बोट फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझा तो दिवा आण."

"टेस्ट लॅम्प?"

"लाव बॅटरीला. माझ्या मागे उभा राहा. मी समोर बघते, त्या पाण्याच्या टाकीकडे. तू दिवा उजवीकडून, मागून पुढे आण. सावकाश. दिसला की मी सांगते."

त्यांनी डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मी बल्ब त्यांच्या कानापासून पुढे सरकवायला लागलो. गालाच्या रेषेत आला, त्या गप्प. डोळ्याच्या कडेला आला, गप्प. माझा हात जवळजवळ त्यांच्या नाकासमोर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता."

मग त्यांनी उजवा डोळा झाकला. मी बल्ब डावीकडून आणला, तर कान ओलांडल्याबरोबर "आता."

"पुन्हा उजवीकडून."

तीनदा केलं. तिसऱ्यांदाही दिवा त्यांना नाकासमोर आल्यावरच दिसला.

"बस," त्या म्हणाल्या आणि विटेच्या बाकावर जाऊन बसल्या. "ईस्टरपासून मला ठाऊक आहे. कप उजवीकडे ठेवला की सांडतो. शेजारीण उजवीकडून आली की दचकते. मी स्वतःला म्हणत होते, वय आहे. चाळीस वर्षं मी बायकांना दटावलं, अंगावर काढू नका, लपवू नका, आधी या. आणि मी ऑगस्टमध्ये गटारातून गाडी काढून घेतली आणि ढकलणाऱ्यांना सांगितलं, कुणाला बोलू नका."

"का, आंटी?"

"गाडी गेली की मला न्यायला कोण येणार, यॉ? आज तू येशील. पुढच्या महिन्यात तुला काम असेल. आणि एकदा म्हातारीला घरात बसायची सवय लागली, की लोक तिला सांगायलाच विसरतात, कुठे बाळ झालं, कोण गेलं."

'मी दर वेळी येईन' म्हटलं असतं तर ते खोटंच झालं असतं.

त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. "बसव. दहाला मयत आहे. तू चालव."

मी कार्बन घातले, टिकली बदलली, नवी पट्टी आवळली. अल्हसन न बोलावता येऊन खालून बोल्ट कसून गेला. साडेनऊला चावी फिरवली आणि सेल्फने इंजिन पहिल्याच झटक्यात उचललं. एरवी या आवाजाला आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो. त्या दिवशी नाही हसलो.

क्रोबोच्या रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे, आंटी माझ्या उजवीकडे बसल्या होत्या. अर्ध्या वाटेपासून त्यांनी माझ्या चालवण्यातल्या चुका काढायला सुरुवात केली: गिअर उशिरा टाकतोस, वळणावर हॉर्न देत नाहीस. मयतात त्यांनी मला सगळ्यांसमोर "माझा ड्रायव्हर" म्हणून सांगितलं, आणि मी मान डोलवली.

सोमवारी मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण त्यांच्या नातीच्या वयाची. उजव्या डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळली, ती म्हणाली. गेलं ते परत येणार नाही. डावाही थोडा धरलाय, पण थेंब रोज घातले तर तो टिकेल. गाडी चालवायची नाही.

"संध्याकाळी नाही की अजिबात नाही?" आंटींनी विचारलं.

"अजिबात नाही, आई."

"बरं केलंस स्पष्ट बोललीस," आंटी म्हणाल्या, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून मनसोक्त रडल्या. मी थोडा लांब उभा राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले, फोन काढला आणि न्टिमला लावला.

"तुला भीती वाटते तर मला सांगायचं," त्या पहिल्याच वाक्याला म्हणाल्या. "वायरवाल्याशी काय बोलतोस? मी मेलेय का?" मग बराच वेळ ऐकत राहिल्या. पलीकडे काय चाललं होतं मला कळलं नाही, पण आंटींचा आवाज खाली आला. "नको रडूस," त्या म्हणाल्या. "एक डोळा आहे अजून."

गाडीचं काय करायचं हे त्यांनीच ठरवलं. क्रोबोच्या आरोग्य केंद्रात म्पोमा नावाची तरुण सुईण आहे. तिच्याकडे लायसन्स होतं, वाहन नव्हतं. अडलेल्या बाईकडे जायचं तर ती कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जायची. आंटींनी तिला शेडमध्ये बोलावलं, अर्धा दिवस बसवून घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिला सगळं दाखव. फ्यूज कुठे, कुठल्या जागी काय. कुणी तार घालायला लागला तर हिने त्याचा हात धरला पाहिजे." गाडी म्पोमाला दिली, पण अट घातली: आठवड्यातून दोन दिवस म्पोमाने त्यांना बरोबर न्यायचं. बाळंतिणी बघायला त्या येणार, गाडी ती चालवणार.

पहिले दोन आठवडे दोघींचं जमलं नाही. म्पोमा क्लच दाबून धरते म्हणून आंटी चिडायच्या, आणि एकदा तर वाटेतच उतरून तासभर चालत आल्या. तिसऱ्या आठवड्यात एका जुळ्यांच्या बाळंतपणात दोघी रात्रभर एकत्र होत्या. त्यानंतर तक्रारी कमी झाल्या, संपल्या नाहीत.

नाताळच्या आधी हरमाटनचा, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचा, धुरळा सुटला होता तेव्हा न्टिम आला. शेडच्या दाराशी उंच माणूस उभा, अंगात या हवेला नको इतका जाड कोट. मी ओळखलं. आईचंच कपाळ.

"मला तुमचा राग आला होता," तो म्हणाला. "मी एवढं सांगूनही तुम्ही तिला सगळं सांगितलंत. दवाखान्यातल्या त्या फोननंतर तीन आठवडे ती माझ्याशी फक्त हवामानावर बोलली."

"मी आधी खोटंच बोललो होतो," मी म्हणालो. "एक दिवस. शुक्रवारी."

"हो? मग बदललात कशाने?"

मी विचार केला. त्याच्यासमोर शहाणा दिसेन असं उत्तर देता आलं असतं. "त्यांनी 'दाखव' म्हटलं," मी म्हणालो. "न विचारता घरी बसल्या असत्या तर मी काय केलं असतं, खरंच माहीत नाही. कदाचित ती पुडी अजून माझ्या खिशात असती."

न्टिमने मान हलवली. तो माझ्या टेबलापाशी आला, तिथे पडलेला कुणाचा तरी उघडा सेल्फ बोटाने फिरवून बघितला. "मी तिकडे फोनला घाबरायचो," तो म्हणाला. "आपल्या इथली सकाळ म्हणजे तिकडची पहाट. अंधारात फोन वाजला की वाटायचं, झालं. आता ती स्वतःच त्या वेळेला फोन करते. रोज. काल रात्री किती बाळं झाली ते सांगायला. झोपमोड करते."

"आत्ता आहेत कुठे त्या?"

"क्रोबोला. म्पोमाबरोबर. मला म्हणाली, विमानतळावरून थेट ये, पण मी काही तुझी वाट बघत घरी बसणार नाही."

गाडी कामावर होती, न्यायला कुणी येणार नव्हतं. मी त्याला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. कोट काढून हातावर टाकून तो कडेला उभा राहिला, क्रोबोला जाणाऱ्या ट्रोट्रो मिनीबसची वाट बघत.